पाणी स्वच्छ आहे
बेटावरच्या तीनशे घरांचं सांडपाणी जिथे येऊन पडायचं, त्या केंद्रावर तो एकटाच कामाला होता. सगळे त्याला पंपवाला म्हणत. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्या बहिणीने खाडीतल्या खडकांवरची, शिंपल्यांतली कालवं फोडून, विकून त्याला वाढवलं. वाकून वाकून तिची पाठ कायमची वाकली. हा मात्र शिकून नोकरीला लागला.

त्या वर्षी टाक्यांत हवा सोडणारं यंत्र बंद पडलं. हवा थांबली तसे मैला खाणारे जंतू मेले आणि टाक्या काठोकाठ भरून सडू लागल्या. नवा भाग पलीकडच्या शहरातून यायला महिना लागणार होता. बेटाच्या समितीचा अध्यक्ष नाकाला रुमाल लावून आला.

“ओहोटीला खाडीत सोडून दे.”

“साहेब, तिथे कालवं आहेत. लोक खातात.”

“समुद्र काय कमी मोठा आहे? आणि हे बघ, बाहेर चकार शब्द गेला तर फिरायला येणारे पाहुणे यायचे बंद. मग बेटाने काय हवा खायची? तीही तुझ्या यंत्रातून येत नाही म्हणा!”

स्वतःच्या विनोदावर अध्यक्ष खो खो हसला. पंपवालाही हसला. मग त्याने झडप उघडली.

संध्याकाळी तो बहिणीकडे गेला.

“ताई, थोडे दिवस खाडीत जाऊ नकोस.”

“का रे?”

“असंच. पाठ दुखते ना तुझी.”

“अगंबाई, आज कुठे लक्षात आलं तुझ्या!” ती हसली आणि तिने त्याला आग्रहाने वाढलं. तो पोटभर जेवून घरी गेला.

नवव्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापकांना निरोपाचं जेवण होतं. कालवं ताईकडचीच; ती खाडीत जायची थांबली नव्हती. दुसऱ्या दिवशी चाळीस माणसं जुलाब-उलट्यांनी आडवी झाली आणि टपालवाल्याची म्हातारी आई गेली. पलीकडून आलेल्या डॉक्टरने कालवांवर बोट ठेवलं.

शाळेच्या हॉलमध्ये बैठक बसली. ताई उभी राहिली. “माझी कालवं ताजी होती. खाडीचं पाणी तपासा. माझा भाऊच तपासेल. तो खोटं बोलायचा नाही.”

अध्यक्षाने पंपवाल्याकडे पाहिलं. “तपास की.”

त्याने बाटली केंद्रातल्या पिण्याच्या नळावर भरली. दोन दिवसांनी त्याच हॉलमध्ये उभं राहून कागद वाचला. “पाणी स्वच्छ आहे.”

“म्हणजे हिचेच हात घाण!” मागून कोणीतरी ओरडलं. टपालवाला पुढे येऊन तिच्या पायाशी थुंकला. ती त्याच्याकडे नाही, भावाकडे बघत होती.

“तूच तपासलंस ना रे?”

“हो.”

“मग माझंच काहीतरी चुकलं असणार,” ती म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर तिच्या दाराशी गिऱ्हाईक फिरकलं नाही. ती रस्त्याने निघाली की बायका पोरांना आत ओढून घेत. ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यात ती दिवसातून दहा-दहा वेळा हात धुवायची. बोटांची सालं निघाली. भाऊ मलम घेऊन गेला. तळहाताला मलम लावता लावता त्याच्या तोंडून निघून गेलं, “ताई, तुझं काही चुकलं नाही गं.”

“भाऊ आहेस म्हणून म्हणतोस,” ती म्हणाली. तो तिच्या दुसऱ्या हाताला मलम लावू लागला.

महिन्याभरात ती बेट सोडून पलीकडे मावसबहिणीकडे राहायला गेली. यंत्र दुरुस्त झालं, खाडी निवळली. ताईच्या खडकांवर आता दुसरेच लोक कालवं काढू लागले. अध्यक्षाने भर सभेत पंपवाल्याची पाठ थोपटली.

वर्षाने तो तिला भेटायला गेला. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर ती स्टुलावर बसली होती. तिचं ताट-भांडं वेगळं ठेवलेलं. मावसबहिणीने नव्हे, तिनेच ठेवलं होतं. त्याने पाणी मागितलं.

“आत पिंप आहे. तूच घे. माझा हात नको लागायला.”

तो आत जाऊन पाणी प्यायला. सांगायचं म्हणून आलेलं सगळं ओठांवर होतं.

“तुझं यंत्र कसं चाललंय?” तिने विचारलं.

“छान चाललंय.”

“बरं झालं बाबा. तब्येतीला जप.”

दुपारच्या बोटीने तो परतला. पुन्हा कधी तिच्याकडे गेला नाही.