ताईनं निवडलेले कीबोर्ड

माझ्या ताईचं ऐकू येणं लहानपणी तापात गेलं. समोरच्याचे ओठ वाचून ती बोलते, आणि इतकी सहज की नवख्या माणसाला बराच वेळ पत्ताच लागत नाही. आम्ही दोघी एकाच छापखान्यात टायपिंगचं आणि पानं लावायचं काम करतो.

छापखान्याला एका जाडजूड शब्दकोशाचं काम मिळालं, तेव्हा मालकांनी आमच्या खोलीसाठी नवे मॉनिटर आणि कीबोर्ड घ्यायचं ठरवलं. आम्ही दोघी आणि आणखी एकजण, अशा टायपिस्ट तिघी. पण ठरवलेल्या पैशांत नावाजलेल्या कंपनीचं सामान एकीपुरतंच येईल, एवढाच त्यांचा हिशोब.

"मग नाव नसलेल्या कंपनीचं तिघींपुरतं आणू," ताई म्हणाली.

मालकांनी नाक मुरडलं, पण अडवलं नाही.

आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदार माहितगार होता, फक्त सगळं माझ्याकडे बघून सांगत होता. ताईनं त्याच्या बाहीला हलकेच हात लावला. "माझ्याकडे बघून बोला. मला ऐकू येत नाही, पण दिसतं सगळं." तो ओशाळला, मग हसला, आणि नंतर माझ्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

ताईनं पेनड्राइव्हवर शब्दकोशाचं एक पान नेलं होतं, बारीक टाइपातल्या तळटीपांचं. प्रत्येक मॉनिटरवर ते लावून टिंब आणि स्वल्पविराम वेगळे ओळखू येतात का, हे ती बघायची. मग नुसतं काळं पान लावायची. एका स्वस्त मॉनिटरच्या कोपऱ्यातून उजेड गळत होता, तो तिनं बाजूला सारला. सगळ्यात मोठ्याकडे मी आशेनं बघत होते.

"आकारानं मोठाय, पण अक्षरं फाटतात," ती म्हणाली. "दिवसभर डोळे कुणाचे दुखणार?"

शेवटी तिनं पसंत केलेल्या मॉनिटरच्या कंपनीचं नाव मला धड उच्चारताही येत नव्हतं. पान मात्र त्यावर कागदावर छापल्यासारखं दिसत होतं.

कीबोर्ड मात्र ती डोळे मिटून नुसत्या बोटांनी पारखत बसली. तिला मेकॅनिकलच हवा होता. साध्या कीबोर्डवर बटण दाबलं गेलं की नाही, हे तिला कळायचं नाही, आणि सारखं मान वर करून बघावं लागायचं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो. दाबताना तो बोटाला बारीकसा धक्का देतो. रंगीबेरंगी दिव्यांचे कीबोर्ड तिनं सर्कशीचा तंबू म्हणून परत ठेवले. निवडला तो करड्या रंगाचा, अनोळखी कंपनीचा, वजनदार. त्याचे स्विच चिमट्यानं काढून बदलता येतात, हे तिनं दुकानदाराकडून दोनदा वदवून घेतलं.

खोलीत सामान लागलं आणि ताईची बोटं सुसाट सुटली. मान वर करायची गरज उरली नव्हती. पण आमची खोली पत्र्यावर गारा पडाव्यात तशी वाजायला लागली. पार्टिशनपलीकडे प्रूफवाल्या काकू मोठ्यानं वाचून मजकूर ताडून बघायच्या. त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना. मालक दारात यायचे, कपाळाला आठ्या घालायचे, आणि ताईनं वर पाहिलं की छान चाललंय अशी मान हलवायचे. तिला सांगायचं कुणी? मलाही जीभ रेटेना. इतक्या वर्षांत तिला इतकं खुशीत काम करताना मी पाहिलं नव्हतं.

ताईच्या नजरेतून मात्र काही सुटत नाही. एका दुपारी तिनं हात थांबवले आणि मला विचारलं, "तू विंचवाला हात लावावा तशी टाइप का करतेस? आणि काकूंच्या कानात कापूस कशाला?"

मी सांगून टाकलं.

"हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, याचा राग आलाय," ती म्हणाली. "आवाजाचं काय, आवाज बदलता येतो."

दुसऱ्या दिवशी ती दुकानातून वेगवेगळ्या जातींच्या स्विचांची पुडी घेऊन आली. काकूंना म्हणाली, "आज तुमचे कान मला उसने द्या." काकू पार्टिशनपलीकडे बसून प्रूफ वाचायला लागल्या. ताईनं सगळ्यात जास्त दाबल्या जाणाऱ्या बटणाखालचा स्विच उपसला, दुसरा बसवला आणि दाबत राहिली. त्रास झाला की काकूंनी पार्टिशनवरून हात वर करायचा. एका स्विचला हात तत्काळ वर. दुसऱ्याला आवाज नव्हता, पण ताईच्या बोटाला काही लागेना. तो तिनंच काढला. मग एक बसवला. ताई दाबत होती, काकू वाचत होत्या, हात काही वर येईना. शेवटी काकूच उठून डोकावल्या. "सुरुवात केलीस की नाही अजून?"

ताईची नजर बटणावरच होती. मी त्यांचं म्हणणं हाताच्या खुणांनी तिला सांगितलं, आणि ती खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसली.

तसेच स्विच तिनं तिन्ही कीबोर्डांत स्वतः बसवले. बोटाला धक्का तोच, खोलीत आवाज पाऊस ओसरताना असावा तितकाच. काकूंनी कापूस टाकून दिला. शब्दकोश ठरल्या वेळेआधी छापायला गेला. पानं चाळताना मालक म्हणाले, एवढ्या बारीक तळटीपांत इतक्या कमी चुका त्यांनी आजवर पाहिल्या नव्हत्या.

नंतर ते आमच्या खोलीत आले. "शेजारच्या खोलीचे मॉनिटरसुद्धा तुम्हीच निवडा."

"निवडते की," ताई म्हणाली. "पण त्याआधी त्या खोलीतल्या खुर्च्या बदला. माणसं वाकडी होऊन बसतात."