मामांचा वेग

त्वरकयंत्र कमाल वेगाला पोहोचले, की मामांच्या चेहऱ्यावर मुलगा वर्गात पहिला आल्याचे ऐकणाऱ्या बापाचे समाधान पसरे. यंत्र ते चालवीत. त्यांची सख्खी भाची त्यातून वेग घेऊन निघालेले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, कार्बन डायऑक्साइडच्या विरळ झोतातून सोडून रेणूंचे काय होते ते मोजी. तिला हवे होते ते एकदम तीन तुकडे होणारे रेणू: एक कार्बन, दोन ऑक्सिजन. संध्याकाळी यंत्र दुरुस्तीसाठी बंद व्हायचे होते, ते वर्षभर तरी पुन्हा सुरू होणार नव्हते. आणि प्रबंधाला लागणाऱ्या नोंदी अजून निम्म्याही जमल्या नव्हत्या.

"मामा, वेग कमी करा."

"कमी?" मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, फोडायचंय ना तुला? मग जोरात मारायला नको?"

"मारायचं नाहीच मुळी. आयन बहुतेक वेळा रेणूच्या बाजूने जातो. जाता जाता त्याच्या विद्युतभाराची ओढ लागून रेणूतले इलेक्ट्रॉन सुटतात. तीन-चार सुटले, की उरलेले धन भार एकमेकांना ढकलतात आणि रेणू आपला आपणच फुटतो. पण आयन फार सुसाट गेला, तर ओढायला वेळच कुठे मिळतो?"

"पुस्तकातलं सांगू नकोस मला."

"बरं, घरातलं सांगते. मामी म्हणते, तुम्ही बाजारातून असे धावता, की भाजीवाल्याला भाव सांगायलाही सवड मिळत नाही. म्हणून पिशवी रिकामी येते."

"मामीला मध्ये आणू नकोस."

मामांची हरकत मात्र निराधार नव्हती. वेग बदलायचा, तर आयनांच्या झोताच्या वाटेवरची सगळी चुंबके नव्याने जुळवावी लागत; त्यात उरलेली बहुतेक दुपार जाणार होती. भाचीचे गणित चुकले, तर हातचेही गेलेच.

"चुकलीस तर?"

"तर आणखी वर्षभर रोज तुमच्याकडे जेवायला येईन."

"धमकी देतेस होय?" असे म्हणत मामा चुंबकांच्या कळांकडे वळले.

झोत पुन्हा स्थिर झाला तेव्हा खिडकीतले ऊन कलले होते. तीन तुकडे झालेल्या प्रत्येक रेणूमागे पडद्यावर एक ठिपका उमटे. सकाळी ते तुरळक येत. आता एकामागून एक येऊ लागले, आणि पाहता पाहता त्यांची दाट रेघ झाली.

"गॅसचा दाब वाढवलास तू," मामा म्हणाले.

"दाबमापक तुमच्या समोरच आहे."

मामांनी दाबमापक पाहिला, त्याच्या काचेवर टिचकी मारून पुन्हा पाहिला, आणि खुर्ची ओढून भाचीशेजारी बसले.

अखेर तिने हात वर ताणून आळस दिला. "झालं, मामा. पुरे एवढ्या नोंदी."

"वेग आणखी थोडा उतरवून बघू? एवढ्याशासाठी चुंबकं फारशी हलवावी लागणार नाहीत."

"नको. फार हळू गेला, तर आयन स्वतःच रेणूचे इलेक्ट्रॉन पळवून नेतो. माझं सगळं गणित बिघडेल."

"तुझं झालं ना? मग आता माझी पाळी," मामा म्हणाले, आणि त्या यंत्रावर प्रथमच, कोणी न सांगता, त्यांनी वेग आणखी खाली आणला.