माझे शून्य चुकले होते

मी भिंतीला चिकटवलेला एक विणलेला पट्टा. आपली हकीकत सांगण्यास सिद्ध झालो आहे खरा. परंतु ती माझी मलाच पुरती उमगलेली नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

काचेच्या चिवट धाग्यांत केसाएवढा एक जाणता धागा गुंफून मला मागावर विणण्यात आले. इतरांनी भिंत धरावी आणि त्या एकाने तिचा ताण सांगावा, अशी कामाची वाटणी. तेव्हापासून मी बुचकळ्यात आहे. भिंत नीट धरली, तर सांगण्यासारखे काही उरत नाही. सांगावे लागले, तर धरण्यात कसूर झाली असे ठरते.

पुस्तकबांधणीच्या एका कारखान्यात, विटांच्या पोट सुटलेल्या भिंतीवर माझी नेमणूक झाली. शेजारी दिवा बसवला. मी ताणलो की तो तांबडा होई. मालकांना सारे काका म्हणत. त्याच भिंतीला पाठ टेकून ते तीस वर्षे पाने शिवत आले होते.

माझे शून्य, म्हणजे ज्या स्थितीपासून मी ताण मोजायचा ती, ठरवण्यास अभियंता बाई आल्या. वरच्या मजल्यावर काही वजन आहे का, असे त्यांनी विचारले.

"छे, काही नाही. नेहमीचंच आहे," काका म्हणाले.

नेहमीचे म्हणजे छतापर्यंत रचलेले कागदाचे गठ्ठे! त्या ओझ्याखाली दबलेली भिंत हेच माझे शून्य ठरले.

पुढे मोठे काम आले आणि कागद संपला. भार उतरताच दबलेली भिंत अंग सैल करून केसभर उंचावली, तिच्याबरोबर मी ताणलो, दिवा तांबडा झाला. भिंतीच्या सर्वांत सुखाच्या दिवशी मी बोंब ठोकली होती! कारखाना दोन दिवस बंद राहिला. बाईंनी वर डोकावून कपाळावर हात मारला. काकू, म्हणजे काकांच्या पत्नी, म्हणाल्या की यांच्या घरात पाहुणे जेवत असतात आणि हे सांगतात, कोणी आलेले नाही.

गठ्ठे पुन्हा भरले गेले, दिवा हिरवा झाला. मात्र माझा शब्द हलका झाला तो झालाच.

आज सकाळी दिवा पुन्हा तांबडा झाला. काका पाठ टेकून शिवतच राहिले. कागद उतरवला असेल, याला रडायची सवयच आहे, असे म्हणाले. काकू मात्र जिना चढून गेल्या आणि सावकाश खाली आल्या.

"अहो, एकही गठ्ठा हललेला नाही. उठा तिथून."

"एवढं पुस्तक शिवून होऊ दे."

"आधी उठा म्हणते ना."

काका अर्धे शिवलेले पुस्तक घेऊन दाराबाहेर उभे आहेत. काकू बाईंना फोन लावत आहेत. हे भिंतीचे दुखणे की पुन्हा माझाच घोटाळा, मला खरोखर कळत नाही. मी धरून आहे, एवढेच निश्चित. वाचकहो, माझी चूक निघाली तर खुशाल हसा. पण हसायचे ते बाहेर उभे राहून.