एका गाडीचा पूल

दरड कोसळून कित्येक दिवस बंद पडलेला हास्ट घाट बुधवारी सकाळी उघडला आणि माझा धाकटा भाऊ नेव्हिल इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात हजर. सत्तरी उलटल्यावर इस्त्री!

"ताई, चल. वानाकाला जायचंय. शोनाकडे."

"मग जा की. मागणी घालायला बहीण कशाला लागते?"

"धीर द्यायला."

शोना म्हणजे घाटापलीकडची विधवा. दोन वर्षं दर रविवारी हे दोघं फोनवर बोलत होते. कशावर? पावसावर. ती शनिवारी समुद्रापलीकडे ब्रिस्बेनला लेकाकडे कायमची राहायला निघाली होती, तरी आमच्या ध्यानाचं आपलं पाऊसपाणीच चाललेलं. आज विचारलं नाही तर संपलंच सगळं.

फुलांऐवजी त्याने बर्फाच्या डब्यात व्हाइटबेट घेतली होती. आमच्या किनाऱ्याकडच्या नदीतली ही काडीएवढी मासळी आम्ही नुसत्या अंड्यात घोळून तळतो. घाटापलीकडचे लोक त्यात पीठ घालतात. देव त्यांना सद्बुद्धी देवो.

हिमनदी उन्हात निळसर दिसत मागे पडली. पुढे मोएराकी सरोवरात डोंगर उलटे उभे होते. जन्म इथे गेला, तरी मी मान वळवून बघतेच. नेव्हिल मात्र बघत होता आरशात. मागून गाडी दिसली की हा कडेला थांबून तिला पुढे जाऊ देणार. भला आहे, पण भलेपणालाही काही सुमार असतो. लहानपणी केकचा शेवटचा तुकडासुद्धा "आधी तू" म्हणत माझ्याकडे सरकवायचा. मी खायचे.

"काय म्हणणार ते एकदा म्हणून दाखव," मी म्हणाले.

"शोना, यंदा पाऊस..."

"पाऊस नको, मेल्या!"

पुढे घळ आली. खाली घराएवढ्या दगडांतून नदी गर्जत होती आणि वर एकच गाडी मावेल असा पूल. पाटीवरचा मोठा बाण आमचा, म्हणजे आधी आम्ही जायचं. नेव्हिलने थांबून दिवे लुकलुकवले, 'या तुम्ही.' पलीकडच्या हिरव्या गाडीनेही लुकलुकवले, 'नाही, तुम्ही या.' याने पुन्हा. तिने पुन्हा. दोन्हीकडे रांग लागली, पण हॉर्न कोण वाजवणार? आमच्याकडे ते शिवी दिल्यासारखं होतं. एक किआ, आमचा डोंगरी पोपट, बॉनेटवर बसून वायपरचं रबर ओढायला लागला.

"अरे, जा ना!"

"त्यांना घाई असेल, ताई. सांगून येतो." तो उतरून चालायला लागला.

तेवढ्यात हिरव्या गाडीतूनही लाल रेनकोटातली एक बाई उतरली आणि आम्हाला सांगायला निघाली. पुलाच्या मधोमध दोघं थबकले.

शोना!

मी काच खाली केली. करणारच. नदीच्या आवाजामुळे त्यांना ओरडून बोलावं लागत होतं, त्यामुळे माझी सोयच झाली.

"तू इकडे कुठे?"

"तुझ्याकडेच! रस्ता उघडला ना आज. एक विचारायचं होतं."

"मलाही."

"मग आधी तू बोल," शोना म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. आता हा काय म्हणणार ते मला पाठ होतं. नेव्हिलने तोंड उघडलं, मिटलं, नदीकडे पाहिलं.

"बरं," तो ओरडला, "आधी मी! जाऊ नकोस, शोना. माझ्याशी लग्न कर."

"करते! तेच विचारायला निघाले होते. पण मासळीत पीठ घालणार मी, आधीच सांगते!"

मी खिडकीतून अर्धी बाहेर आले.

"घाल," नेव्हिल म्हणाला.

आमच्या किनाऱ्यावर एवढं प्रेम कुणी कुणावर केलेलं मी तरी पाहिलं नाही. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? डोळे पुसले, हात लांबवला आणि आयुष्यात पहिल्यांदा जोरात हॉर्न वाजवला. मागच्या सगळ्या गाड्यांनीही वाजवला.