दोघींची फेरी

कचेरीतल्या आक्का निवृत्त होऊन परगावी मुलाकडे राहायला गेल्या आणि पत्रविभागातल्या टंकलेखिकेची दुपारची फेरी सुटली. पूर्वी जेवण झालं रे झालं की आक्का तिचा दंड धरायच्या. "ऊठ गं, मुळं फुटतील तुला खुर्चीत!" मग दोघी गप्पा मारत इमारतीला वळसा घालून यायच्या. आता ती संगणकाकडे बघतच डबा संपवायची, वर चहावर चहा घ्यायची. पाठ धरायची, दुपार कलली की डोळे मिटू मिटू व्हायचे.

आज साहेबांनी पत्रच पुढ्यात टाकलं. "बाई, त्यांच्या घरातलं माणूस गेलंय, आणि तुम्ही 'हार्दिक अभिनंदन' लिहिलंत? नशीब, पाठवण्याआधी दिसलं. पुन्हा असं झालं तर पत्रं दुसऱ्याकडे जातील."

पत्रांत तिचा जीव होता. कानकोंडी होऊन ती बाहेर आली. आक्कांची आठवण अशी दाटून आली, की तिने फोनच लावला.

"जेवून फेरी मारलीस ना गं?" आक्कांनी विचारलं.

"तुमच्याविना पाय निघत नाही."

आक्का म्हणाल्या, "माझा तरी कुठे निघतो? सून पाणीसुद्धा हातात आणून देते. लाडालाडात गुडघे आखडले माझे."

"मग घाला चपला. मीही निघते."

फोन कानाला लावून दोघी आपापल्या गावात चालू लागल्या. आक्कांना धाप लागली तशी तिनेही चाल मंद केली, आणि भिंतीलगतची सावली आक्कांसाठी मोकळी ठेवून ती उन्हातून चालत राहिली.