मुलगी झाली, आगा!

थोरला सुलतान गेला आणि तख्तावर त्याचा धाकटा भाऊ बसला, तेव्हा नाझिदेच्या पोटात थोरल्याचं मूल होतं. मुलगी झाली तर जगणार. मुलगा झाला तर तख्ताला वाटेकरी, म्हणून त्याची नाळ कापून न बांधता तशीच सोडायची. राजघराण्याचं रक्त सांडायचं नाही असा दंडक होता. नाळेतून गळून गेलेलं मात्र सांडलेलं धरत नसत.

रुकिये दाईनं नाझिदेला पढवून ठेवलं होतं. "काहीही झालं तरी मी मुलगीच म्हणेन. मुलगा हवा होता म्हणून तू गळा काढायचा."

"मला हसूच येतं गं दाई."

"कळा सुरू होऊ देत, मग बघू."

सकाळी कळा सुरू झाल्या. पडद्याबाहेर नव्या सुलतानानं पाळतीला बसवलेला मेरजान आगा खारे हरभरे चघळत बसला होता.

"दाई, आज जेवायला मिळेल का मला?"

"बाळाला विचारा आगा. माझं ऐकत नाही ते."

बाळ आलं. मुलगा. दाईनं नाळ कापून घट्ट गाठ मारली, त्याला दुपट्यात गुंडाळलं आणि ओरडली, "मुलगी झाली, आगा!"

"सुटलो बाबा," म्हणत आगा उठला.

आता नाझिदेनं रडायचं. दाईनं तिला चिमटासुद्धा काढला. पण पोरीनं बाळ छातीशी धरलं, आणि इतके महिने पोटाशी पुटपुटलेलं तोंडातून निघून गेलं. "माझा सिंह!"

महालात हा शब्द शहजाद्याची आईच वापरायची. मुलीला कुणी चुकूनही नाही.

पडदा सरला. तोवर नाझिदेला ग्लानी आली होती.

"बेशुद्धीत बरळतेय ती," दाई म्हणाली.

"असेल. दुपटं उघड."

तिनं उघडलं.

"मुलगीच आहे," आगा शांतपणे म्हणाला. "आणि मेलेलीच जन्मली. तुला कशाला खोटं पाडू? गाठ तू सोडतेस, की मी सोडू?"

त्याच्या बोटांना हरभऱ्याचं मीठ लागलेलं होतं. दाईनंच सोडली. आगा बाहेर जाऊन बसला.

बऱ्याच वेळानं नाझिदेनं डोळे उघडले. "गेला का गं तो?"

"गेला."

"बघ! न रडताही जमलं की नाही?" ती हसली. "दूध पाजू?"

"पाज," दाई म्हणाली. तिनं बाळ तिच्या कुशीत दिलं आणि दुपट्याखाली आपला तळहात धरून ठेवला, ओल पोरीच्या अंगाला लागू नये म्हणून.