तिसऱ्या वळणावरचा कठडा

प्रवास माणसाला नम्र करतो. हे वाक्य माझ्या ब्लॉगच्या माथ्यावर गेली कित्येक वर्षं झळकतं आहे आणि त्यावर माझा मनापासून विश्वास होता. मग मी पर्यटन उद्योगाच्या वार्षिक परिषदेला गेलो, नोंदणीच्या टेबलापाशी उभा राहिलो, आणि चहाचा पहिला कप हातात यायच्या आत माझ्यातली सगळी नम्रता संपली.

"आपण कोण?" टेबलामागच्या बाईंनी विचारलं.

"प्रवासलेखक. ब्लॉग लिहितो."

त्यांनी समोरच्या खोक्यांवरून नजर फिरवली. निळ्या पट्टीची ओळखपत्रं सहली विकणाऱ्यांची, हिरवी विकत घेणाऱ्यांची, लाल वर्तमानपत्रवाल्यांची. ब्लॉगवाल्यांचं खोकं नव्हतं. शेवटी त्यांनी टेबलाखालून एक करडं कार्ड काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं : इतर.

माझ्यामागे काठी टेकत उभ्या असलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला काही न विचारताच पिवळं कार्ड मिळालं. सोबती. पुढे कळलं की 'सोबती'ला दुपारचं जेवण आहे, 'इतर'ला चहा आणि बिस्किट.

"तोंड पाडू नकोस छोट्या," ताई म्हणाली, "माझ्या ताटातलं देईन तुला."

मी चोपन्न वर्षांचा आहे. डोक्यावर केस म्हणावेत असं काही उरलेलं नाही. पण ताई पासष्टीची, त्यामुळे मी मरेपर्यंत छोट्याच राहणार.

ताईला मी हौसेने आणलं नव्हतं. आमचं काम होतं. वर्षभरापूर्वी आम्ही दोघं एक जुनं दीपगृह पाहायला गेलो होतो. ताईने पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर शेकड्याने दीपगृहं काढली, पण आतून एकही पाहिलेलं नव्हतं. खडकाच्या अंगाने वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या, एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला लोखंडी कठडा आणि त्यापलीकडे समुद्र. तिसऱ्या वळणावर कठडा गंजून तुटून पडला होता. चांगला दोन माणसं जातील एवढा भाग मोकळा. ताईचा हात सवयीने कठड्याकडे गेला आणि तिथे कठडा नव्हता. खाली कमरेएवढ्या अंतरावर कातळाचा एक टप्पा होता, म्हणून फक्त खुबा मोडला.

शस्त्रक्रिया झाली. ताई चालायला लागली. डॉक्टर म्हणाले, जिने चढायला हरकत नाही, पण हाताला आधार पाहिजे. त्या दिवसापासून ताईने एकच धोशा लावला, "तो कठडा लागला की मी परत जाणार. वरचा दिवा बघितल्याशिवाय मला काही चैन पडायचं नाही."

मी पर्यटन खात्याला लिहिलं. उत्तर आलं : 'आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.' शेजारी हसरा सूर्य. मी ब्लॉगवर फोटोसकट लेख लिहिला. त्याखाली खात्याने स्वतः येऊन लाल बदाम टाकला. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा सूर्य. माझी बहीण पाय ओढत घरभर फिरत होती आणि ही माणसं मला सूर्य पाठवत होती! तेव्हा मी ठरवलं, की परिषदेला जायचं आणि खात्याच्या संचालकांना समोरासमोर विचारायचं.

आता या परिषदेविषयी. एक अवाढव्य मंडप, त्यात शेकडो दुकानं, आणि प्रत्येक दुकानात माणसाच्या दुप्पट उंचीचा तोच समुद्र आणि त्यात तीच पाठमोरी बाई. ती बाई कधी वळून बघत नाही. तिलाही कंटाळा आला असावा. जागोजागी 'निसर्ग वाचवा' असं छापलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या वाटत होते. पिशवीत काय, तर आणखी एक पिशवी. आणि जो भेटेल तो माझ्या चेहऱ्याकडे न बघता छातीवरचं कार्ड बघायचा, 'इतर' वाचायचा, आणि मला भिंत समजून पुढे जायचा. वीस वर्षं स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या पायांनी हिंडून लिहिलेल्या माणसाला या लोकांनी करड्या पट्टीत गुंडाळून टाकलं होतं.

"अरे, बसायला तरी खुर्च्या ठेवायच्या," ताई म्हणाली. "जगभर माणसांना फिरवतात आणि इथे एक बाक नाही."

भेटीगाठींसाठी वेगळं दालन होतं. छोटी छोटी टेबलं, प्रत्येकापाशी दोन खुर्च्या, आणि मध्ये घंटा घेऊन उभा असलेला एक गृहस्थ. घंटा झाली की समोरच्याला भेटायचं, पुन्हा घंटा झाली की उठायचं. मधला वेळ अंडं अर्धकच्चं उकडायला लागतो तेवढा. संचालकांची वेळ मी महिनाभर आधी मागून ठेवली होती.

संचालक मोठे गोड माणूस. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "या या! लेखक लोक भेटले की फार बरं वाटतं. वाचक किती आहेत तुमचे?"

"ते सोडा. मी त्या दीपगृहाच्या कठड्याबद्दल—"

"म्हणजे हजारांत की लाखांत?"

"हजारांत. साहेब, तिसऱ्या वळणावर कठडा नाही. माझी बहीण तिथून पडली. ही काय, तुमच्यासमोर उभी आहे." तिला बसायला तिसरी खुर्ची नव्हती.

"अरेरे!" संचालकांचा चेहरा खरोखर पडला. "मॅडम, फार वाईट झालं. बाकी अनुभव कसा वाटला?"

"बाकी म्हणजे?" ताईने विचारलं. "पडल्यानंतरचा?"

घंटा झाली. संचालक उठले. "हे इथे बोलून काय होणार? तुम्ही दुपारच्या सत्रात बोला ना. 'सच्चा आवाज' म्हणून चर्चासत्र आहे. एका वक्त्याचं विमान चुकलंय, मी सांगतो त्यांना. सगळा उद्योग तिथे असेल. दबाव आला की आम्हालाही काम करायला सोपं जातं."

मी हुरळलो. खोटं का बोला? 'इतर' मधून एकदम व्यासपीठावर. ताईच्या ताटातलं सँडविच खात मी भाषण मनात घोळवलं. ताई म्हणाली, "थोडक्यात बोल. तू रागावलास की तुझा आवाज चिरकतो."

सत्राला सभागृह खच्चून भरलं होतं. माझ्याआधी मोठी टोपी घातलेली एक मुलगी बोलली. छताखाली, दिवसाउजेडी, हॉटेलच्या सभागृहात समुद्रावरची टोपी. तिचे वाचक म्हणे लाखांत होते, म्हणजे वाचक नव्हेत, बघणारे. ती म्हणाली की प्रवास म्हणजे स्वतःला भेटणं. टाळ्या झाल्या.

मग मी उठलो. पडद्यावर एकच फोटो लावला. तिसरं वळण. अलीकडे गंजका कठडा, पलीकडे गंजका कठडा, मध्ये काही नाही. नुसती पायरी आणि तिच्या कडेपासून थेट क्षितिजापर्यंत पाणी. मी सांगितलं की या ठिकाणी माणूस पडला. सांगितलं की वर्षभर आम्ही पत्रं लिहितोय आणि आमची सूर्य पाठवून बोळवण होतेय. म्हटलं, "तुम्ही इथे सच्चेपणावर चर्चा करता. मी तुम्हाला सच्ची गोष्ट सांगतो. इथे उभं राहिलं की पायाखालची जमीन संपते. दोन हात लोखंड लावायला तुम्हाला कोणी अडवलंय? लाज वाटत नाही?" आवाज चिरकलाच.

आणि मग एकेक करून हात वर झाले. प्रत्येक हातात फोन होता. ते माझा फोटो काढत नव्हते. पडद्यावरच्या वळणाचा काढत होते.

"सर, ही जागा नेमकी कुठे?" मागून एकाने विचारलं.

"सकाळी जावं की संध्याकाळी?"

"बस किती जवळ जाते? चाळीस माणसांची?"

"अहो, तिथे कठडा नाही!" मी ओरडलो.

"तेच तर काका!" टोपीवाली व्यासपीठावरच्या खुर्चीत पुढे सरकली. "सगळीकडे कठडेच येतात हो फोटोत. हे किती मोकळं आहे!"

पहिल्या रांगेतून ताई काठीवर भार देत उठली. "बाई गं, मी पडले तिथे. खुबा मोडला माझा."

"अय्या! त्या तुम्हीच?" टोपीवालीचे डोळे चमकले. "मावशी, कॅमेऱ्यासमोर सांगाल हे?"

"नुसतं सांगू, की पडून दाखवू?"

सभागृह हसण्यात बुडालं. टाळ्यांचा कडकडाट झाला. टोपीवालीच्या टाळ्यांपेक्षा मोठा, हे कबूल करतो. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हाच तो सच्चा आवाज." मग सत्कार म्हणून माझ्या हातात रोपाची एक कुंडी दिली. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे मला त्या कुंडीसकट समजलं.

पण खाली उतरलो तर संचालक वाट बघत उभे. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "जिंकलंत! तुमच्या वळणाचा विषय आजच मार्गी लावतो. सगळा उद्योग मागे लागलाय माझ्या. मॅडम, येत्या मोसमाच्या आत काम झालेलं असेल. शब्द देतो."

त्या शब्दावर आम्ही घरी आलो. माझा राग अर्धाअधिक उतरला. म्हटलं, फोन काढू देत, हसू देत, कठडा लागला म्हणजे झालं. ताईने तर दुसऱ्याच दिवसापासून तालीम सुरू केली. आमच्या इमारतीला चार मजले. रोज सकाळी ती काठी दाराशी ठेवायची आणि उजव्या हाताने जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी चढायची. शेजारच्या काकू विचारायच्या, "लिफ्ट बंद आहे का हो?" ताई सांगायची, "नाही. मला समुद्रावर जायचंय." आधी पहिला मजला, मग दुसरा. ज्या दिवशी गच्चीपर्यंत पोचली त्या दिवशी तिने वरून मला फोन केला, "छोट्या, वर ये. मी खाली कशी उतरू ते कळेना." पण आवाजात आनंद मावत नव्हता.

मोसमाच्या तोंडावर खात्याचा फोन आला. काम पूर्ण झालंय, मॅडमना घेऊन अवश्य या. ताईने नवे बूट घेतले, न घसरणारे.

पायथ्याशीच गर्दी होती. बसगाड्या लागल्या होत्या. मी ताईला घट्ट धरलं आणि आम्ही पहिलं वळण चढलो, दुसरं चढलो. कठडा खरंच नवा कोरा होता, पांढरा रंग दिलेला. ताईने तो इतक्या मायेने धरला होता की मला संचालकांबद्दल वाईट बोलल्याचा पश्चात्ताप व्हायला लागला.

तिसऱ्या वळणावर कठडा नव्हता.

तुटलेल्या जागी तर नव्हताच, पण आधी अलीकडे-पलीकडे जे गंजके खांब उभे होते तेही मुळापासून कापून काढले होते. सगळं वळणच मोकळं. जमिनीवर पिवळ्या रंगाने एक गोल काढला होता आणि गोलात दोन पावलं, म्हणजे उभं कुठे राहायचं ते कळावं. बाजूला पाटी : 'इथे पायाखालची जमीन संपते.' माझं वाक्य. खाली माझं नाव नाही, खात्याचं.

संचालक हार घालून तिथेच उभे होते. "कसं वाटलं?"

"कठडा कुठे आहे?" मी विचारलं.

"काढला! आधीचे खांब फोटोत यायचे. सगळ्या सहलवाल्यांची एकमुखाने मागणी होती."

"मी कठडा लावा म्हणालो होतो! भर सभेत! तुम्ही समोर बसला होतात!"

"हो ना. तुमच्यामुळेच तर हे झालं."

"माणसं पडतील इथे! तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंय?"

"सर, शांत व्हा. पाटी लावली आहे ना." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि मागे लोक खोळंबलेत."

मागे खरंच रांग होती. बरेच जण टोपी घालून आले होते. एका माणसाने मला विनंती केली की काका, जरा बाजूला होता का, तुम्ही फोटोत येताय.

मी आणखी बरंच बोललो. त्यातलं छापण्याजोगं थोडं आहे. माझा आवाज पार फाटला तेव्हा ताईने माझी बाही ओढली. तिचा उजवा हात अजून नव्या कठड्याच्या शेवटच्या खांबावर होता. तिथून पुढे चार पायऱ्या उघड्या, आणि त्यांच्यापलीकडे पुन्हा पांढरा कठडा थेट वर दिव्यापर्यंत. तिने त्या चार पायऱ्यांकडे पाहिलं. एक पाय उचलला. मग होता तिथेच परत ठेवला.

"वर काय असतं गं?" शेजारची एक लहान मुलगी तिला विचारत होती.

"भिंग असतं मोठं," ताई म्हणाली. "फळ्यावर काढायला सोपं असतं. चल छोट्या, उतरायला वेळ लागेल मला."

आम्ही उतरलो. त्या पिवळ्या गोलात उभं राहायला आता वेगळं तिकीट आहे. ज्येष्ठ नागरिकांना निम्मं.